डोकं रानाचं

नाशिक
२० नोव्हेंबर २०२३

प्रिय बुधरी,

पाकीट बघून लग्नपत्रिका समजली असशील तर काढलेला आहेर परत पेटीत ठेव. तसं काही नाही. तुझ्या कोसमटोल्याला फोन लावून लावून मी थकले. शेवटी आईच म्हणाली, "पत्र टाक नं वं. तिचा नवरा सुनिल घोटच्या बाजाराले येते, पोस्टवाला त्याच्या हाती देते." म्हणून बारावीनंतर पहिल्यांदा हातानं एवढं लिहायला बसले आहे. चामोर्शीच्या कॉलेजात तू माझ्या अक्षराला मुंग्यांची लाइन म्हणायचीस. मुंग्या आता म्हाताऱ्या झाल्यात, सांभाळून घे.

काम आहे. मी इथे द्राक्षांच्या संशोधन केंद्रात आहे हे तुला माहीत आहे. गावाकडे कुणालाही सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "मंग खाले भेटत असतीन नं?" भेटतात. पण माझं काम द्राक्षं खाणाऱ्या जिवाणूवर आहे. इथल्या बागांवर जिवाणूचा करपा पडतो. आधी पानावर बारीक ठिपके, मग काळे डाग, मग घडाचा देठ तडकतो. आपल्या धानावर कडाकरपा पडतो ना, त्याच्याच भावकीतला. फवारणीनं जात नाही, नुसता दमतो आणि पुन्हा उठतो.

आमच्या संग्रहात रानद्राक्षाची एक वेल होती. फार वर्षांपूर्वी कुणीतरी आणून लावलेली. पाटीवर एवढंच, 'घोट परिसर, नाल्याकाठी'. आजूबाजूच्या सगळ्या वेली करप्यानं काळ्या पडल्या, आणि ही आपली हिरवीगार. मी तिचा डीएनए वाचला. माझा अंदाज असा : हा जिवाणू पानात शिरून वेलीचाच एक जनुक चालू करून घेतो, पेशीतली साखर बाहेर सोडणारा. म्हणजे पाहुण्यानं घरात शिरायचं आणि आपल्याच माठाची तोटी उघडून प्यायला बसायचं. धानात असं होतं हे ठाऊक आहे. द्राक्षातही होत असावं, आणि ह्या रानवेलीत तोटीची ठेवण जरा वेगळी असल्यानं ती त्याच्या हाताला लागत नसावी. वेलीला जिवाणू टोचून हे तपासणार, तेवढ्यात उन्हाळी वादळात शेडनेटचा सांगाडा तिच्यावर पडला. कंदही चिरडला आणि वेल गेली.

तुमच्याकडे ती असेल का? सोबत फोटो आहे. हिवाळ्यात वरची वेल वाळते आणि जमिनीत कंद राहतो, एवढं मला माहीत आहे. दोन-तीन ठिकाणचे कंद पाठवशील? मला त्यांचा डीएनए बघायचा आहे. गावाला विचारूनच पाठव.

तुझी,
दिव्या


कोसमटोला
१४ जानेवारी २०२४

दिव्ये,

तुझं पत्र सुनिलनं मिरच्यांच्या पिशवीत घालून आणलं, त्यामुळे वाचताना माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मैत्रिणीच्या आठवणीनं आलं असं समजून फुगू नकोस.

फोटोतली वेल आमच्याकडे आहे. उशीर झाला त्याचं कारण सांगते. रानातलं नवं काहीही खाण्याआधी आम्ही ते गावदेवाला दाखवतो, त्याला पंडुम म्हणतात. कंदांचा पंडुम झाल्याशिवाय जमिनीत काठी घालायची नाही. तुझी पीएचडी अडली आहे असं मी मामाजींना सांगून पाहिलं. ते म्हणाले, "देव थांबते, तं पीएचडीले काऊन घाई?" मामाजी म्हणजे माझे सासरे, डोमा. लग्नात तू पाहिलंस त्यांना. तू नको नको म्हणत असताना तुझ्या पानात तिसऱ्यांदा भात वाढला होता, ते.

गावसभेतही विषय ठेवला. मी तिची सचिव आहे, तेव्हा सचिवबाईनं मैत्रिणीला चोरून कंद दिले असं कुणी म्हणायला नको. एकानं विचारलं, द्राक्षाले ताप आला तं आमच्या कंदाचं काय काम? मी तुझ्या माठाची तोटी सांगितली. ती सगळ्यांना पटली. अंजनाबाई मात्र उठून म्हणाल्या, "देजा बापा, पन कंपनीले इकू नोको म्हणा." निरोप जसाच्या तसा कळवते आहे. त्यांच्याशी गाठ आहे, लक्षात ठेव.

तीन ठिकाणचे कंद पाठवते. मामाजींनी स्वतः खणले, रीतीप्रमाणे कापले, सावलीत सुकवले आणि तीन फडक्यांत बांधले. पांढरं पहाडीजवळचं, निळं तळ्यामागचं, लाल नाल्याकाठचं. कच्चा चाखू नकोस, जीभ खाजते. उकडून खाय म्हणा, असा त्यांचा निरोप आहे. दिव्या खात नाही, मशीनमध्ये घालून वाचते, असं मी सांगितलं. त्यावर त्यांनी फडक्याची गाठ आणखी घट्ट केली.

काकूंना सांग, त्यांच्या डब्यातल्या वांग्याच्या भाजीची चव मला अजून आठवते. हॉस्टेलच्या डाळीची आठवत नाही, कारण तिला चवच नव्हती.

बुधरी


नाशिक
२६ मार्च २०२४

प्रिय बुधरी,

आधी चांगलं सांगते. लाल फडक्यातल्या कंदाचा डीएनए आमच्या मेलेल्या वेलीशी तंतोतंत जुळला! तोटीची तीच वेगळी ठेवण. बाकीच्या दोघांत ती नाही. मी एवढ्यानं ओरडले की शेजारच्या टेबलावरच्या स्वातीच्या हातून काचेची नळी पडून फुटली. म्हणजे वेल तुमच्या नाल्याकाठी अजून आहे. त्या रात्री आईला फोन करून सांगितलं. तिला काही कळलं नाही, पण ती माझ्याहून जास्त खूश झाली.

आता दुसरं. प्रत्येक कंदाचा एक तुकडा डीएनएसाठी काढून उरलेला मी कुंडीत लावला होता. हळद लावतो, आलं लावतो, तसा. रोज सकाळी कामावर गेले की आधी कुंड्या बघायची. कोंब काही दिसेना. काल उकरून पाहिलं, तर तिन्ही कुजलेले. आमच्या मॅडमनी हातात घेऊन विचारलं, "हे वाफवून पाठवलेत का?" आणि मला तुझ्या मामाजींचं 'उकडून खाय' आठवलं.

बुधरी, खरं सांग. तुमच्या रानातली वेल बाहेर कुठे उगवू नये असं गावाला वाटत असेल, तर तसं तोंडावर सांगायचं होतं. मी रागावले नसते. पण मेलेला कंद फडक्यात बांधून, वर गावसभेची गोष्ट सांगून पाठवायचा, हे मला तुझ्याकडून अपेक्षित नव्हतं. मेलेला कंद वाचता येतो. पण जिवंत वेल असल्याशिवाय जिवाणू टोचून बघता येत नाही, आणि तोवर माझा अंदाज हा नुसता अंदाजच राहतो. माझी दोन वर्षं ह्यात गेली आहेत.

दिव्या


कोसमटोला
१६ एप्रिल २०२४

दिव्या,

'प्रिय' लिहिणार नव्हते. नाहीच लिहिलं. परवा जयंती होती, तेवढा काकूंना माझा जयभीम सांग.

तुझं पत्र मी मोहफुलं वेचायला गेले तिथे झाडाखाली बसून वाचलं. नंतर टोपली अर्धीच भरून घरी आले. मामाजींनी विचारलं काय झालं, तर काय सांगणार? की ज्या मुलीसाठी तुम्ही दुखऱ्या गुडघ्यानं नाल्यात उतरलात, तिला वाटतं तुम्ही कंद उकडून पाठवला?

रात्रभर मी तुला मनातल्या मनात शिव्या दिल्या. सकाळी तुझं पहिलं पत्र पुन्हा काढून वाचलं. त्यात लिहिलं आहे, 'डीएनए बघायचा आहे.' लावायचा आहे असं एका अक्षरानं लिहिलेलं नाही. इथे येऊन बघ, तुझ्या मुंग्या.

आता ऐक. हळद-आल्यासारखा हा कंद कुठल्याही तुकड्यातून फुटत नाही. वेल जिथून निघते तो वरचा भाग, त्याला आम्ही डोकं म्हणतो. कोंब येतो तो त्यातूनच. रानात कंद खणला की डोकं कापून त्याच खड्ड्यात परत ठेवायचं, माती ओढायची आणि मग पोट घरी आणायचं. इथलं लहान पोरसुद्धा असंच करतं. "पोट आपलं, डोकं रानाचं." मामाजींनी रीतीप्रमाणे कापले असं मी लिहिलं होतं, ते हेच. तुला पोट पाठवलं, कारण माणसाला पोटच देतात. तुला हे माहीत नसेल असं माझ्या मनातही आलं नाही. पण तू चामोर्शीची धानवाली, कंदवाली थोडीच आहेस.

तर तुझी वेल मेलेली नाही. तिचं डोकं नाल्याकाठी, जिथून काढलं तिथेच आहे आणि पावसाळ्यात फुटेल. एवढं कळवलं. बाकी माझा राग अजून गेलेला नाही.

बुधरी


नाशिक
२ मे २०२४

प्रिय बुधरी,

चुकले. पहिलं पत्र लिहिताना चुकले आणि दुसरं लिहिताना तर फारच. तुझ्यापुढे कान पकडले असते, पण पत्रात ते दिसत नाही. मामाजींना ह्यातलं काही सांगितलं नसशील तर सांगू नकोस. सांगितलं असशील तर माझ्या वतीनं पाया पड.

डोकं जिवंत आहे हे वाचून मी लॅबच्या जिन्यात बसून रडले. स्वातीला वाटलं घरी कुणाचं काही बरंवाईट झालं.

डोकंच हवं आहे, हे आता स्पष्ट लिहिते. फांदी लावून ही वेल लागत नाही, आमच्या जुन्या वेलीवर करून पाहिलं होतं. बी लावलं तर त्यात दुसऱ्या वेलीचा गुण मिसळतो, तोटी तशीच येईल ह्याचा भरवसा नाही. इथे एकानं सुचवलं की तिकडे कुणाला तरी पैसे देऊन गुपचूप खणून आणता येईल. मी नाही म्हणाले. शिवाय मला काही घाई नाही. गाव देईल तेव्हा देईल, नाही दिलं तरी आपलं पहिल्यासारखंच राहील.

तुझी,
दिव्या


कोसमटोला
२२ मे २०२४

प्रिय दिव्ये (बघ, लिहिलं),

तू खोटं लिहायला अजून शिकली नाहीस. तेंदूपत्त्याच्या कामानं मी चामोर्शीला गेले होते. बाजारात काकू भेटल्या. मी विचारायच्या आधीच त्यांनी सगळं सांगितलं. "ऑगस्टात ते साहेब लोक तिचं काम पाहाले येऊन राह्यले. दाखवाले काई नाई तं काम बंद. पोरगी आतापासूनच सामान बांधून राह्यली, मले म्हणते आई, मी घरीच येतो." आणि मला लिहितेस, घाई नाही!

मी तशीच घरी आले आणि मामाजींपुढे बसले. आम्ही गोंडीत बोललो, तुझ्यासाठी मराठीत लिहिते.

"मामाजी, त्या पोरीले डोकं पायजे."

"डोकं देत नसतेत."

"काऊन देत नसतेत?"

"माह्या आजीनं दुष्काळात त्या नाल्यावरचे कंद खाऊन लेकरं जगवली. दर वेळी डोकं ठेवलं. म्हणून मी आहो. ते डोकं माह्यं नाई, मी कोनाले देऊ?"

तुझ्या वाट्याचं भांडण मी नेहमी भांडते, पण इथे मला भांडता आलं नाही, कारण ते बरोबर होते. पण चार दिवसांनी तेच गावसभेत उभे राहिले. म्हणाले, त्या डोक्याला दोन डोळे आहेत. मधोमध चिरलं तर एक डोळा इकडे, एक तिकडे. असं आजवर कुणी केलेलं नाही. दोन्ही जगतील, किंवा दोन्ही मरतील. गावानं सांगावं.

गाव संध्याकाळपर्यंत बोलत होतं. अंजनाबाईंनी कंपनीचं पुन्हा काढलं. मग आमचे भैयाजी, माझे मोठे दीर, म्हणाले, "द्राक्षंवालाबी शेतकरीच आहे नं?" शेवटी ठरलं ते असं : दिव्यानं स्वतः यायचं. मृग लागायच्या आत. अर्धं डोकं आपल्या हातानं खड्ड्यात ठेवायचं आणि मगच दुसरं न्यायचं. वेलीतून पुढे जे काही निघेल, ते गावाला विचारल्याशिवाय कुणाला द्यायचं नाही, आणि हे तुझ्या केंद्रानं कागदावर लिहून द्यायचं.

सामान बांधलंच आहेस तर तीच पिशवी घे आणि ये.

बुधरी


नाशिक
१२ जून २०२४

प्रिय बुधरी,

पोहोचले. कुंडीही पोहोचली. एसटीत मांडीवर, रेल्वेत मांडीवर. समोरच्या बाईंनी विचारलं, "तुळस आहे का?" मी हो म्हणाले. खरं सांगितलं असतं तर नाशिक येईपर्यंत सांगत बसावं लागलं असतं.

माझ्या डोळ्यांपुढून ती सकाळ जात नाही. मामाजींनी कोयती दगडावर घासली, डोकं हातात फिरवून फिरवून पाहिलं, आणि कोयती खाली ठेवली. पुन्हा उचलली. शेवटी चिरलं. चिरलेल्या जागी राख लावून त्यांनी अर्धं माझ्या हातात दिलं. "ठेव. वरचं वर, खालचं खाली. उलटं ठेवजो नोको, शिकलेली आहे म्हणून सांगतो." तुम्ही सगळे हसलात आणि मी चिखलानं भरलेल्या हातांनी डोळे पुसले. माझे फोटो काढून ठेवले नाहीस ना?

मी लॅबमध्ये रोज हातमोजे घालून, मोजूनमापून काम करते. एखादी गोष्ट बिघडली तर पुन्हा करते. तिथे पुन्हा करायला काही नव्हतं. मला तुमच्या सगळ्यांची भीती वाटली, आणि तुमच्यासाठीही वाटली.

कागद सोबत जोडला आहे. मॅडमनी सही केली. अंजनाबाईंना वाचून दाखव.

कुंडीत अजून काही नाही. खड्ड्यात काय आहे ते कळव.

दिव्या


कोसमटोला
८ जुलै २०२४

प्रिय दिव्ये,

इकडे पाऊस चांगला आहे. चिखलणी सुरू झाली. सुनिलच्या पायात काटा गेला, आता बरा आहे. अंजनाबाईंना कागद वाचून दाखवला. त्यांनी तीन वेळा वाचून घेतला आणि म्हणाल्या, "सही कोनती आहे, दाखव." मी दाखवली. आता त्यांनी तो आपल्या लोखंडी पेटीत ठेवला आहे. सचिव मी, पण कागद त्यांच्याकडे.

नाल्याला पाणी आहे, त्यामुळे खड्ड्यापर्यंत जाता येत नाही. मामाजी बरे आहेत. आमची लेक चंचल चालायला लागली आणि तिनं पहिल्याच दिवशी कोंबडीच्या मागे धावून दारात आपटी खाल्ली. आईवर गेली आहे असं सगळे म्हणतात.

तुझ्या कुंडीचं लवकर कळव. बाकी सगळं ठीक.

बुधरी


नाशिक
१८ ऑगस्ट २०२४

प्रिय, प्रिय बुधरी,

बसून वाच. शेजारी मामाजींना बसव.

तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात कुंडीत माती उचलली गेली होती. खालून लालसर, केसाळ कोंब. पंधरा-वीस दिवसांत ती दोरीवर चढून माझ्या खांद्याला लागली. मग मी तिच्या पानांना जिवाणू टोचला. शेजारी बागेतली थॉमसन जातीच्या द्राक्षाची वेल, तिलाही तेवढाच टोचला. आपल्या हातानं लावलेल्याला आपल्याच हातानं रोग द्यायचा, हे काम मी आजवर शंभर वेळा केलं असेल, पण ह्या वेळी पान हातात धरून मी तिची माफी मागितली.

थॉमसनवर ठिपके आले, पसरले, पान काळं पडून गळालं. आपल्या वेलीवर सुईच्या टोकाएवढा वाळका डाग, आणि तो तिथेच थांबला. आत तपासलं तर साखरेचा तो जनुक चालूच झालेला नाही. तोटी बंद! पाहुणा उपाशी!

साहेब लोक आले, बघून गेले. काम पुढची तीन वर्षं चालू राहणार. एवढ्यानं उद्या बागांमधला करपा जाईल असं नाही. रानवेलीचं आणि बागेतल्या द्राक्षाचं लग्न सहज लागत नाही, ती नाती लांबची. पण तोटीत नेमकी कुठली जागा वेगळी आहे ते आता कळलं, म्हणजे बागेतल्या वेलीत तेवढीच जागा बदलून बघता येईल. पुन्हा करून बघायचं आहे, अनेकदा. बातमी दिली तेव्हा इथल्या एका बागायतदारानं कुंडीपुढे हात जोडले. मला वाटलं, हात जोडायचे तर नाल्याकडे तोंड करून जोडा.

मी सामानाची पिशवी सोडली. आईला सांगितलं. आता तू सांग, आपल्या खड्ड्यातली किती वाढली? पाणी ओसरलं असेल ना?

तुझी,
दिव्या


कोसमटोला
६ सप्टेंबर २०२४

प्रिय दिव्ये,

तुझं पत्र मी मोठ्यानं वाचलं. 'पाहुणा उपाशी' ऐकून पोरं नाचली. मामाजींनी ती ओळ पुन्हा वाचायला लावली.

आता मी लपवलेलं सांगते. नाल्याला पाणी होतं हे खरं, पण जाता येत नव्हतं हे खोटं. मामाजी रोज जात होते. आजूबाजूचे सगळे कंद फुटले, आपला खड्डा तसाच. शेवटी त्यांनी माती बाजूला केली. आपलं अर्धं डोकं कुजलं होतं. चिरलेल्या बाजूनं पाणी शिरलं असेल. तुला लिहिलं असतं तर तुझा हात चालला नसता, म्हणून काटा, कोंबडी, चिखलणी असं काहीबाही लिहीत बसले.

गावात कुणी कुणी बोललं. अंजनाबाईंच्या घरच्यांनी तर आमच्या दारावरून जाणं सोडलं होतं. मला मामाजींचंच जास्त वाईट वाटायचं. जेवताना हात धुवायचे आणि तसेच बसून राहायचे. एकदा मीच म्हणाले, मी मागितलं नसतं तर बरं झालं असतं.

परवा तुझं पत्र ऐकून झाल्यावर ते म्हणाले, "मंजे ते जित्तं आहे."

मी म्हणाले, "आहे, पन नाशिकले आहे."

"नाशिक का आभाळात आहे? चिरलं नसतं तं यंदाच्या पान्यात पुरंच कुजलं असतं. अर्धं बाहेर होतं म्हणून वाचलं." मग जेवले. दोनदा भात घेतला. संध्याकाळी काठी घेऊन नाल्यावर गेले. खड्डा बुजवू म्हणून सुनिल फावडं घेऊन मागे गेला, तर त्याला परत पाठवलं. खड्डा तसाच आहे. त्याच्याभोवती त्यांनी काट्यांचं कुंपण घातलं आहे. आत काहीच नाही, आणि कुंपण आहे.

तुला दोष द्यायला लिहिलेलं नाही. तुला कळायला हवं म्हणून लिहिलं.

बुधरी


नाशिक
१० फेब्रुवारी २०२५

प्रिय बुधरी,

इतके महिने पत्र नाही म्हणून तू मला किती नावं ठेवली असशील, ते मला माहीत आहे. लिहायला बसायचे आणि ते रिकामं कुंपण डोळ्यांपुढे यायचं. कोरडी माफी लिहावीशी वाटेना. म्हणून वाट बघितली, वेल वाळेपर्यंत.

डिसेंबरात ती पिवळी पडली, मग वाळली. कंदांचा पंडुम यंदा कधी झाला ते मी सुनिलभाऊंना घोटच्या बाजाराच्या दिवशी फोन करून विचारून घेतलं होतं. तुला सांगू नका म्हटलं, आणि त्यांनी खरंच सांगितलं नाही. नवरा चांगला मिळाला आहे तुला. पंडुम झाल्यावरच मी कुंडी उकरली. मॅडम म्हणाल्या, "दिव्या, आपल्या केंद्रात कुणाला कळलं आपण देवाची तारीख बघून कंद काढतो, तर?" मी म्हटलं, "मॅडम, देव थांबतो, तर आपल्याला काय घाई?" त्या हसल्या.

बुधरी, मातीखाली दोन कंद होते. मूळच्या अर्ध्या डोक्यानं आपल्या बाजूलाच दुसरं डोकं धरलं आहे. पूर्ण, गोल, न चिरलेलं, दोन डोळ्यांचं. मी हातात घेतलं आणि मामाजींसारखं फिरवून फिरवून पाहिलं.

दोन्ही कंद पूर्ण लॅबला हवे होते. मी कोयती मागवली. केंद्रात कोयती नव्हती, माळ्याचा चाकू मिळाला. सगळ्यांच्या देखत दोन्ही कंद कापले. पोट वाचायला दिलं. जुनं डोकं परत त्याच कुंडीत ठेवलं, वरचं वर, खालचं खाली, आणि माती ओढली. स्वातीनं विचारलं हे काय, तर तिला सांगितलं. आता ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, "पोट आपलं, डोकं रानाचं," आणि चुकीच्या जागी जोर देते.

नवं डोकं मी चिरलं नाही. ते कोरड्या रेतीत, लाल फडक्यात बांधून ठेवलं आहे. तेच फडकं. महाशिवरात्रीला मार्कंड्याच्या जत्रेत एसटीला फार गर्दी होते, म्हणून जत्रेच्या आधीच निघते. चामोर्शीला आईकडे एक रात्र, तिथून सकाळच्या गाडीनं घोट. सुनिलभाऊंना गाडीवर घ्यायला पाठव. पिशवी ह्या वेळीही मांडीवरच असेल.

अंजनाबाईंना कागद पेटीतून काढून ठेवायला सांग, त्यावर माझीही सही करायची राहिली आहे. आणि मामाजींना म्हणावं, कुंपणाचा एक काटा बाजूला करून ठेवा. डोकं घेऊन येते आहे.

तुझी,
दिव्या